मोठ्या जंगलात हरीण शोधायचं कसं? नागपूरहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

नागपूरकरांना जंगलाचं अप्रूप नाही, कारण ते दीड-दोन तासांवर आहे. त्यामुळे आपली एक ठरलेली रीत झाली आहे. पहाटे जिप्सीत बसायचं, वाघ दिसला तर सगळ्या ग्रुपवर फोटो टाकायचे, नाही दिसला तर "काहीच दिसलं नाही यार" म्हणत ढाब्यावर थांबायचं. त्या 'काहीच नाही'मध्ये शंभरेक चितळ, दोन-चार सांबर आणि कधीकधी एखादं भेकरही असतं, पण त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं. हा लेख त्या हरणांसाठी जंगलात जायचं असेल त्यांच्यासाठी आहे. बंदूक नाही, हाका नाही. दुर्बीण, वही आणि बसायची तयारी एवढं पुरे.

शेताच्या कडेच्या झुडपी जंगलात हरणाला जायला जागा थोडी, त्यामुळे कुठे ना कुठे गाठ पडतेच. पेंचसारख्या सलग जंगलाचं तसं नाही. तिथे कोसन् कोस साग आणि ऐनाची झाडं सारखीच दिसतात, आणि त्यातला बराच भाग त्या महिन्यात, त्या वेळी रिकामा असतो. नवखा माणूस तिथे प्राणी शोधत फिरतो आणि दमतो. प्राणी शोधायचाच नाही. या आठवड्यात त्याला खायला काय पडलंय, पाणी कुठे उरलंय आणि दुपारी सावली कुठे आहे ते शोधायचं आणि तिथे जाऊन गप्प बसायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

१. आधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासा लावणं, हाकून अडकवणं, पकडायचा प्रयत्न करणं हे सगळं त्यात येतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. "चितळाचं मटण मिळतं, सांगू का?" असं कोणी गावाकडे खासगीत विचारलं तर तिथून निघा. खाणाराही त्या भानगडीत अडकतो.

नवख्यांची खरी फसगत शिंगांपाशी होते. चितळ आणि सांबराच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात, वाटेत पडलेली दिसतात. 'आपोआप गळलेलं, कोणाला मारलं थोडंच' असं वाटून माणूस ते पिशवीत टाकतो. टाकू नका. जंगलातून काहीही उचलून नेणं गुन्हाच आहे, आणि घरात सापडलेलं शिंग गळलेलं की कापलेलं हे पटवून देत बसायची वेळ तुमच्यावर येते. शिवाय साळिंदर आणि उंदीर ती शिंगं कुरतडून खातात, म्हणजे जंगलाला त्यांचा उपयोग आहे. फोटो काढा, जागा वहीत लिहा आणि पुढे चला.

परवानगीशिवाय पायी आत शिरणं हाही गुन्हा आहे. पायी जायचं तर वन विभागाने आखलेल्या पायवाटेवर, त्यांच्या वाटाड्याबरोबरच.

२. कोणतं जंगल?

सलग जंगल हवं असेल तर माझं मत पेंचला. महामार्ग ४४ ने जबलपूरच्या दिशेने निघालात की चोरबाहुली, पवनीवरून आत सिल्लारी आणि राज्याच्या सीमेजवळ खुर्सापार अशी गेटं लागतात. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प १९९९ सालचा. त्याच्या राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र २५७ चौरस किलोमीटर, शेजारी मानसिंगदेव अभयारण्य आणि वर मध्य प्रदेशातलं पेंच. प्राण्यांच्या लेखी हे सगळं एकच रान. सिवनीच्या बाजूला महामार्ग या रानातून जातो तिथे रस्ता उचलून घेतलाय आणि खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे. चितळ-सांबर ती वापरतात. गाडी चालवताना वरून काही दिसणार नाही, पण 'सलग' या शब्दासाठी केवढा खर्च करावा लागतो ते तिथे कळतं.

उमरेड-कऱ्हांडला वेगळ्या जातीचं जंगल आहे. २०१२ ला अभयारण्य झालं, क्षेत्र साधारण १८९ चौरस किलोमीटर, भोवती शेतं आणि कालवे. इथली हरणं रात्री शेतात आणि दिवसा जंगलात असतात, त्यामुळे जंगलाच्या कडा महत्त्वाच्या. वर्ध्याकडचं बोर त्याहून लहान, २०१४ ला व्याघ्र प्रकल्प झालं तेव्हा १३८ चौरस किलोमीटरच होतं. नवख्याला डोंगर-नाले समजून घ्यायला ते सोपं जातं. नागझिऱ्याला सांबर आणि शांतता दोन्ही मिळतात, पण गाडीत बसून वेळ जास्त जातो. ताडोबाला वाघाच्या मागे इतक्या गाड्या पळतात, की 'भाऊ, हरणासाठी थांबा' म्हणणाऱ्याची अडचणच होते. पहिल्या वर्षी ताडोबा टाळा.

आणि सगळ्यात आधी गोरेवाडा करा. शहराच्या कडेलाच आहे, चितळ आहेत, रोही म्हणजे नीलगायी आहेत. लेंड्या आणि खुरांचे ठसे ओळखण्याची शिकवणी तिथे झाली की मोठ्या जंगलात डोळे आंधळे राहत नाहीत.

३. कोण कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे 'हरीण' या नावाखाली सगळं चालतं. खरी हरणं, म्हणजे ज्यांच्या नरांची शिंगं गळून पुन्हा येतात ती, इकडे मुख्यतः तीन: चितळ, सांबर, भेकर. आपल्या भागात भेकराला भेडकीही म्हणतात. रोही, चौसिंगा आणि काळवीट ही दुसऱ्या कुळातली, त्यांची शिंगं जन्मभर टिकतात. चौसिंग्याच्या नराला चार शिंगं असतात, पण पुढची दोन इतकी बारकी, की दुर्बिणीशिवाय कळत नाहीत. तो एकटा-दुकटा कोरड्या टेकडीवर असतो.

चितळ कळपात राहतो, कुरणाच्या कडेला असतो आणि उजेडात दिसतो. त्याच्यासाठी या लेखाची फारशी गरज नाही. सांबर मात्र रात्रीचं जनावर. दिवसा डोंगरउतारावर, बांबूत, दाट सावलीत उभं असतं आणि दहा पावलांवरून दिसत नाही. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो, तरी दिसत नाही. भेकर लहान, एकटं, लाजाळू, नाल्याच्या काठी. मोठ्या जंगलात कसोटी लागते ती या दोघांच्या शोधात.

४. नकाशा घरी बसून वाचा

निघायच्या आदल्या आठवड्यात उपग्रहाचा नकाशा उघडा आणि शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यातलं चित्र निवडा. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, सगळं जंगल तपकिरी दिसतं आणि त्यात हिरव्या रेघा उठून दिसतात. त्या रेघा म्हणजे नाले. काठावर जांभूळ, करंज, अर्जुन, उंबर असतात, खाली ओल असते. उन्हाळ्यातलं सांबर आणि भेकर याच रेघांवर राहतं.

मग मोकळे तुकडे शोधा. यातले काही नैसर्गिक, काही जुन्या गावांच्या जागा, जिथे आता कुरणं आहेत. पेंचमध्ये एक आणखी आहे, तोतलाडोह जलाशयाचा काठ. पावसाळ्यानंतर पाणी जसं खाली सरकतं तशी उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत येतं आणि उन्हाळ्यात बाकी रान वाळलेलं असताना तिथे हिरवं असतं. चितळांचे मोठे कळप पाहायचे तर एप्रिल-मे मध्ये या काठासारखी जागा नाही.

तिसरी गोष्ट, दोन टेकड्यांमधली खिंड. जनावरही माणसासारखंच चढ टाळतं. एका नाल्यातून दुसऱ्या नाल्यात जायचं तर ते सगळ्यात उतरत्या जागेतून जातं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा बघितल्यात तर अशा खिंडी लगेच सापडतात. नाला, कुरण आणि खिंड जिथे एकमेकांच्या जवळ येतात तिथे खूण करा. सफारीचा रस्ता त्याच्या जवळून जातो का ते पाहा. जात असेल तर तुमची जागा ठरली.

५. महिन्यागणिक ताट बदलतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक हाच सोडतात. मोठा साग जनावराच्या फारशा कामाचा नाही. निव्वळ सागाच्या रोपवनात तासभर गाडी फिरवणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत उंच आणि हिरवं असतं, खायला सगळीकडे आहे, म्हणून जनावर पांगलेलं. दिसणं कठीण. सांबराचा माज मात्र याच सुमाराला सुरू होतो आणि डिसेंबरात जोरात असतो. नर चिखलात लोळतात, झाडांना शिंगं घासतात, सकाळी उशिरापर्यंत फिरतात. सांबराच्या खुणा वाचायला हिवाळ्यासारखा काळ नाही.

थंडीत आवळा आणि बोरं. आवळ्याच्या झाडाखाली जरूर बघा. चितळ आणि भेकर आवळे अख्खे गिळतात आणि नंतर रवंथ करताना आठोळ्या तोंडातून टाकून देतात. बसायच्या जागी स्वच्छ आठोळ्यांचा छोटा ढीग दिसला तर इथे कोणीतरी निवांत रवंथ करत बसलं होतं हे समजा.

मार्चच्या शेवटापासून मोह. पहाटे फुलं गळतात आणि चितळ, सांबर, भेकर, अस्वल, गावातली माणसं सगळी एकाच झाडाखाली येतात. गाडीतून पाहायला झकास, पायी जायला अजिबात नाही. मोह वेचणाऱ्यांवर वाघ-अस्वलाचे हल्ले विदर्भात दरवर्षी याच दिवसांत होतात. उजाडायच्या आत मोहाखाली वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटतच नाही.

त्यापाठोपाठ टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मग उंबर. उन्हाळाभर वानरांवर लक्ष ठेवा. वानर झाडावर अर्धं खातं, अर्धं पाडतं आणि खाली चितळ उभे असतात. वानरांची टोळी दिसली की गाडी थांबवा. वर काय चाललंय ते पाहून खाली कोण येणार ते कळतं.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतं. त्याभोवतीच्या बफर पट्ट्यातली काही गेटं पाऊसपाण्यानुसार सुरू असतात. जाऊ नका असं नाही, पण गवत छातीएवढं असतं.

६. खुणा वाचायला शिका

पायवाटेवर वाटाड्या बरोबर असेल तर त्याच्या मागे दोन पावलं राहा आणि तो कुठे बघतो ते बघा. नवखा समोर बघत चालतो, वाटाड्या खाली, मग बाजूला, मग लांब.

नाल्याची रेती ही पहिली पाटी. चितळाचा खूर निमुळता, साधारण पाच सेंटिमीटर. सांबराचा त्याहून बराच मोठा आणि जड. टोकं ज्या बाजूला, जनावर त्या बाजूला गेलं. रानडुकराचा ठसाही दोन फाकांचा असतो, पण टोकं बोथट आणि मागे दोन्ही बाजूंना वरच्या नख्यांच्या खुणा उमटलेल्या. हरणाच्या नख्या मऊ चिखलात किंवा उधळून पळतानाच उमटतात, तेव्हा खुराच्या फाकाही रुंद झालेल्या असतात. असा ठसा दिसला तर थांबा आणि मागे बघा, ते कशाला पळालं असेल?

ठसा ताजा की शिळा हे ओळखायला गुडघ्यावर बसावं लागतं. ओल्या रेतीतला ताजा ठसा धारदार असतो, काठावर रेतीचे कण उभे असतात. ऊन लागलं की ते एकेक करून आत ढासळतात आणि कडा गोल होते. ठशावरून मुंगीची किंवा किड्याची बारीक रेघ गेलेली असेल तर तो रात्रीचा. गवतावरून गेलं असेल तर दवात गडद पट्टा दिसतो, आणि दाबलेलं पातं हळूहळू वर उठत असेल तर बोलणं बंद करा.

लेंड्या ही दुसरी पाटी. चितळाच्या दीडेक सेंटिमीटरच्या, चालता चालता विखुरलेल्या. सांबराच्या मोठ्या, दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी येतं, त्यामुळे तिथे ढीग साचतो. चौसिंगाही तेच करतो, पण त्याच्या लेंड्या बारक्या. या दोन ढिगांत गोंधळ होत नाही, गोंधळ होतो सांबर आणि रोही यांच्या सुट्या लेंड्यांत. शंका आली तर आजूबाजूला ठसा शोधा. उन्हाळ्यात लेंडी तासाभरात वरून वाळते, म्हणून काडीने फोडून आत ओल आहे का ते पाहायचं. हाताने नको.

व्याघ्रगणनेतही वाघाच्या भक्ष्याचा अंदाज असाच घेतात. वन कर्मचारी किमान दोन किलोमीटरची ठरलेली सरळ रेघ सकाळी चालतात, दिसलेल्या प्रत्येक कळपाची संख्या, अंतर आणि दिशा लिहितात, आणि त्याच रेघेवर २० मीटर बाय २ मीटरच्या पट्ट्यात लेंड्या मोजतात. ही गणना दर चार वर्षांनी असते. ओळखीचे वनरक्षक असतील तर विचारून ठेवा, स्वयंसेवक घ्यायचे ठरलं तर ते सांगतील. लेंड्या मोजण्यात कसली मजा, असं वाटेल. एकदा मोजून पाहा, जंगलाचा भरलेला भाग आणि रिकामा भाग डोळ्यांसमोर येतो.

तिसरी पाटी, शिंग घासलेली झाडं. मनगटाएवढ्या खोडाची साल कमरेच्या उंचीपर्यंत सोललेली, आतलं लाकूड ओलं, खाली सालीच्या धांदोट्या. साल वाळून तपकिरी झाली असेल तर जुनं. जवळच चिखलात लोळलेली जागा आणि त्यावर मोठे खूर असतील तर हा नर सांबराचा अड्डा. तिथून पाणी कुठल्या बाजूला आहे ते नकाशात पाहा. त्याची रोजची वाट या दोन जागांच्या मधेच कुठेतरी असते.

७. वारा, कपडे, आवाज

हरणाचं नाक तुमच्या दुर्बिणीपेक्षा पुढे चालतं. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे असेल तर बाकी सगळी तयारी वाया. फडक्यात चुलीची राख बांधून घ्या आणि चिमूटभर सोडून बघा. पहाटे गार हवा टेकडीवरून नाल्यात उतरते, ऊन चढलं की उलटी, खालून वर जाते. म्हणून सकाळी नाल्यातल्या जनावराकडे बघायचं तर खालच्या अंगाने, आणि नऊ-साडेनऊनंतर वरच्या अंगाने. सफारीत तुम्हाला गाडीची जागा फारशी निवडता येत नाही, पण नाल्याच्या कुठल्या वळणावर थांबायचं एवढं सांगता येतं.

कपड्यांत लोक लाल रंगाची भीती घालतात. हरणाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे निळी जीन्स आणि नीळ घातलेला पांढराशुभ्र शर्ट हे सगळ्यात वाईट. खाकी, मळकट हिरवा, तपकिरी घाला. अत्तर, डिओ, वासाचं तेल नको. मच्छरांचं मलम लागेलच, ते घरूनच लावा.

फेब्रुवारीनंतर सागाचं पान खाली पडलेलं असतं आणि त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. त्या दिवसांत पायवाटेवर चालून सांबर गाठायची आशाच ठेवू नका, बसा. दुसरे आवाज आपण बरोबर नेतो: चिप्सचं पाकीट, वेलक्रोची बॅग, चाव्यांचा जुडगा. गाडीच्या आवाजाला तिथली जनावरं सरावलेली असतात. बोलण्याला आणि गाडीत उभं राहण्याला नाही.

८. बसायचं

सफारी सुरू व्हायच्या आधी गाईडशी बोला. "दादा, आज वाघामागे पळायचं नाही. सांबर पाहायचंय. पाण्याजवळ गाडी बंद करून थांबू." तो एकदा खात्री करून घेईल, कारण असं मागणारे कमी. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जातो आणि तो तुम्हाला खरं जंगल दाखवायला लागतो. शेजारून जाणाऱ्या जिप्सीतून "काय आहे?" विचारतील. "सांबर आहे" म्हटलं की पुढे निघून जातील. तुमच्या फायद्याचंच आहे.

थांबताना इंजिन बंद आणि तोंड सावलीकडे. नजर प्राण्यावर ठेवू नका, तुकड्यांवर ठेवा: आडवी रेघ म्हणजे पाठ, हलणारा कान, पायाच्या दोन उभ्या काळ्या रेघा. जंगलात आडव्या रेघा कमी असतात. सांबर बहुतेक वेळा असं तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. पाण्याला येताना ते झाडीच्या कडेला बराच वेळ उभं राहतं, आणि नवखा नेमका तेव्हाच कंटाळून 'चला' म्हणतो.

बसण्याची सगळ्यात मोठी संधी म्हणजे बुद्ध पौर्णिमेची रात्र. महाराष्ट्र वन विभाग त्या रात्री 'निसर्ग अनुभव' नावाने पाणवठ्यावरच्या मचाणांवर लोकांना बसवतं. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. वाघांच्या मोजणीसाठी आता कॅमेरे आहेत, म्हणून हा आता अनुभवाचाच कार्यक्रम आहे, पण नोंदींचा तक्ता अजून भरायला देतात. पौर्णिमा साधारण मे महिन्यात येते, अर्ज त्याच्या आधी काही आठवडे निघतात आणि जागा पटकन भरतात. दुपारी चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. उन्हं असतानाच चितळ आणि वानरं येऊन जातात, सांबर अंधार पडल्यावर. टॉर्च लावायचा नाही. नोंद करताना नर, मादी, पिल्लू वेगळं लिहा आणि तोच कळप परत आला तर नव्याने मोजू नका. इथेच सगळ्यांच्या तक्त्यांत चितळ दुप्पट होतात. पाणी प्रत्येकी चार-पाच लिटर हवंच, नागपूरच्या मे महिन्यात मचाणावरही पारा चाळिशीच्या वर असतो.

९. कान

कॉल, म्हणजे धोका दिसल्यावर जनावराने दिलेली इशाऱ्याची हाक, ऐकला की गाड्या वाघाकडे पळतात. तुम्ही हरणाकडे बघा. चितळाचा आवाज तीक्ष्ण, उंच, आणि तो कशावरही ओरडतो, कधीकधी तुमच्यावरही. सांबराचा 'ढाँक' खोल आणि मोठा, त्याबरोबर पुढचा पाय आपटतो, शेपटी उभी. तो उगाच ओरडत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही. भुंकण्यावरून त्याची जागा कळते आणि पुढच्या वेळी त्याच नाल्यावर थांबायचं हेही कळतं.

पायी असताना सांबराचा कॉल आला तर वाटाड्या म्हणेल तसं मागे फिरा. हुज्जत नको.

१०. कागदपत्रं आणि सामान

बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. नाव जसं ओळखपत्रावर तसंच भरा. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ स्वरूपात गेटवर न्या: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. मोबाईलमधला फोटो चालेल म्हणून जाऊ नका, गेटवरून परत फिरलेले लोक पाहिलेत. बुकिंगची छापील प्रत, कॅमेऱ्याच्या शुल्काची पावती, मचाणासाठी अर्जाची प्रत आणि हमीपत्र. साप्ताहिक सुट्टीचा वार प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा असतो आणि गेटच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघा. मोबाईल गाडीत चालतो की गेटवर ठेवावा लागतो, तेही विचारून घ्या.

सामानात ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण. दहापट मोठं दाखवणारी घेऊन हात थरथरवण्यापेक्षा ही बरी, पहाटेच्या उजेडातही चालते. पट्टी किंवा टेप, वही आणि पेन्सिल (पेन घामाने फरफटतं), राखेची पोटली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्यापर्यंतचे बूट, लांब मोजे, टोपी, पाणी, ओआरएस. खाणं कागदात किंवा डब्यात. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत कानटोपी नसेल तर पहिला तास दुर्बीण धरता येणार नाही.

११. जंगलाच्या कडेचे धोके

जंगलाच्या आत जेवढा धोका, तेवढाच बाहेरच्या कडेला. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडलेली असते, तारा जमिनीजवळ असतात आणि दिसत नाहीत. त्यात जनावरं मरतात, वाघ मेलेत, माणसंही मेलीत. उजाडायच्या आधी शेताच्या धुऱ्याने 'रोही दिसतील' म्हणून फिरू नका, कितीही जवळचा मित्र शेतमालक असला तरी.

फासा, तार किंवा जखमी जनावर दिसलं तर हात लावू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गवतात एकटं पडलेलं चितळाचं पिल्लू दिसलं तर ते टाकलेलं नसतं, आई जवळपासच असते. तुम्ही तिथे उभे आहात तोवर ती येणार नाही, म्हणून लगेच निघा.

१२. परत आल्यावर

त्याच रात्री वही पुरी करा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, काय खात होतं, कुठल्या झाडाखाली, किती जण. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात कुठे थांबायचं ते ही वहीच सांगते.

अंगावरचे कपडे वेगळे धुवा. मांड्या, काखा, कमरपट्ट्याची जागा आणि कानामागे गोचीड आहे का ते तपासा, असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस आपल्याकडे आहे, २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात बरेच रुग्ण सापडले होते. जंगलात जाऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, डोकं दुखलं, अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली दिसली, तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी पडून राहू नका. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कोणत्या जंगलात आणि कोणत्या तारखेला गेला होतात, ते स्वतःहून सांगा.